पुढच्या चाकाची अडचण

पॅरिसला लागून असलेल्या प्युतोमध्ये शार्ल मोशे नावाचा एक कारखानदार होता. छोट्या, हलक्या मोटारी बनवणं हा त्याचा धंदा. मुलाला, जॉर्जला, सायकल हवी होती, पण त्याच्या आईला सायकल धोक्याची वाटे. म्हणून मोशेनं मुलासाठी चार चाकांची पायडलची गाडी केली. ती इतकी झकास पळू लागली की मोठ्यांनाही हवीशी झाली, आणि १९२०च्या दशकात मोशेनं दोघांनी शेजारी शेजारी बसून पायडल मारायची ‘वेलोकार’ विकायला काढली. मोटार परवडत नाही पण सायकलीवर बसायचं नाही, अशा लोकांनी ती घेतली. पुढे महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा तर तिला आणखी बरे दिवस आले. खोड एकच होती. वेगात वळण घेतलं की ती उलटायला बघे. तीन चाकांचा प्रयोग झाला, तोही फसला. मग मोशेनं वेलोकारचे उभे दोन भाग करावेत तशी तिची एकच बाजू उचलली: दोन चाकं, एक खुर्ची, खुर्चीच्या पुढे पायडलं.

पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची सायकल, म्हणजे रिकंबंट, त्याआधी कुणाला सुचलीच नव्हती असं नाही. जिनिव्हात १८९०च्या दशकात शालां नावाच्या गृहस्थानं तशी एक केली होती, आणि १९२०च्या सुमारास झेपेलिन हवाई जहाजांवर काम केलेल्या पाउल याराय यानं श्टुटगार्टमध्ये लिव्हरवर चालणारी ‘जे-राड’ काढली होती. पण नाव झालं ते मोशेच्या सायकलीचं, आणि ती एका तयार वाहनाची चिरफाड करून निघाली होती. घरच्या सायकलीची रिकंबंट करू पाहणाऱ्यांना मोशे आपला पूर्वज वाटतो तो म्हणूनच.

७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या दुसऱ्या फळीतल्या सायकलपटूनं मोशेच्या यंत्रावर रेलून पॅरिसच्या धावपट्टीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले. ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून उभा होता. पहिल्या फळीतल्या भल्याभल्यांना जे जमलं नाही ते या माणसानं आरामखुर्चीत बसून केलं, म्हणून गहजब झाला. फेब्रुवारी १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच लिहून काढली. पायडलचा आस जमिनीपासून किती उंच असावा, सीटचं टोक त्याच्या किती मागे असावं, अशी मापं ठरली. त्या मापांत मोशेची सायकल बसत नव्हती; बसू नये अशीच ती ठरवलेली होती. १ एप्रिलपासून नियम लागू झाला. मोशे त्याच वर्षी वारला.

रिकंबंटचे भक्त आजही या नियमाच्या नावानं बोटं मोडतात. तो नियम झाला नसता तर आज सगळं जग रेलून सायकल चालवत असतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. शर्यतीच्या सायकली नियमानं गोठल्या हे खरं. पण आपल्याकडच्या दूधवाल्याच्या काळ्या रोडस्टरला पॅरिसच्या नियमाशी काय देणंघेणं? तिच्यावर कुणाची बंदी नव्हती, तरी ती उभीच राहिली. कारण तिच्यावर बसून गर्दीत पाय टेकता येतो, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवता येतात, चढावर उतरून ढकलता येते आणि कुठल्याही झाडाखाली बसलेला माणूस तिचं पंक्चर काढू शकतो. शिवाय तिच्यात एक भांडण नाही जे रिकंबंटमध्ये पहिल्या रेघेपासून सुरू होतं. ते भांडण पुढच्या चाकाशी आहे.

साधी सायकल कागदावर काढून पाहा. दोन चाकांच्या मधली जागा पायांची. पाय खाली, सीट वर, हात पुढे. कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. आता सीट खाली आणून माणसाला मागे रेलवा. पाठीच्या टेकणीपासून पायडलपर्यंत सरासरी उंचीच्या माणसाला एक मीटरच्या आसपास अंतर लागतं. म्हणजे पायडलचा आस थेट पुढच्या चाकाच्या मुलखात जातो. त्याच्याभोवती १७ सेंटिमीटरचा क्रँक फिरणार, त्याच्या टोकाला बूट, बुटाचं टोक आणि टाच. सगळं मिळून पायांना साठेक सेंटिमीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ हवं. पुढचं २८ इंची चाक मात्र तिथं ७१ सेंटिमीटरचं वर्तुळ अडवून बसलेलं आहे, आणि वळताना ते डावी-उजवीकडेही सरकतं. पाय आणि चाक यांच्यात जागेची वाटणी कशी करायची, यावरच रिकंबंटचे प्रकार पडले आहेत.

पहिली वाटणी अशी की चाकानं पुढे जावं. पाय आहेत तिथे ठेवायचे आणि पुढचं चाक त्यांच्याही पुढे ढकलायचं. दोन चाकांतलं अंतर साध्या सायकलीत एक मीटरभर असतं, ते इथे एक मीटर साठ-सत्तर सेंटिमीटरवर जातं. सायकल लांबलचक होते, पण स्वभावानं शांत. दुसरी वाटणी उलटी: पायांनी पुढे जावं. चाक पोटरीखाली राहतं आणि त्याच्या पुढे निघालेल्या दांड्यावर पायडलं येतात. सायकल आखूड आणि चपळ होते. मात्र पाय उंचावर राहतात, तीव्र वळणावर टाच चाकाला घासते, आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला तर मागचं चाक उचललं जाऊ शकतं. एमआयटीतले प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांनी १९७०च्या दशकात बर्कलेच्या फ्रेड विल्की यांच्यासोबत आखूड सायकलीपासूनच सुरुवात केली होती. नंतर ते लांबीकडे वळले आणि ‘अवतार २०००’ ही लांब रिकंबंट आली. ‘सायकलिंगचं विज्ञान’ या विषयावरचं जगभर वापरलं जाणारं पुस्तक लिहिणारा माणूस आखुडाकडून लांबाकडे गेला, हे घरी सायकल करणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

तिसरी वाटणी सगळ्यांत धीट आहे: भांडणच मिटवून टाकायचं, पायडलं पुढच्या चाकालाच जोडायची. ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॉलहर्स्ट यांनी ‘क्रूझबाइक’ नावानं ही कल्पना चालवली, आणि सुरुवातीच्या काळात त्यांनी चक्क रूपांतराचा संच विकला. मागेपुढे स्प्रिंग असलेली माउंटन बाइक घ्यायची आणि संचातले भाग तिला नट-बोल्टनं आवळायचे, वेल्डिंग नाही. हँडल, पायडलचा आस आणि पुढच्या चाकाचा आस यांचा एक त्रिकोण होतो आणि हँडल वळलं की तो सबंध त्रिकोण, पायांसकट, वळतो. चेन साध्या सायकलीएवढीच राहते. मागचं चाक नुसतं लोळत येतं.

कागदावर याच्याइतकं देखणं उत्तर नाही. अडचण शिकण्यात आहे. उजवा पाय दाबला की हँडल एका बाजूला ओढलं जातं, डावा दाबला की दुसऱ्या. हातांनी तो ओढा सतत पेलावा लागतो. सवय झालेली माणसं सांगतात की मग हातांचा जोरही पायांच्या मदतीला येतो. पण ती सवय होईपर्यंत सायकल दारू प्यायल्यासारखी चालते, आणि ऑफिसच्या वाटेवर ती तशी चालून परवडत नाही. ओल्या चढावर आणखी एक गोष्ट होते. वजन मागच्या चाकाकडे जातं आणि ज्या चाकाला जोर लावायचा तेच जागच्या जागी फिरतं. रोजच्या प्रवासासाठी, पहिल्याच रूपांतरासाठी, म्हणून मी लांब सायकलीच्या बाजूचा आहे.

तिची कृती थोडक्यात अशी. एक मोठ्या माणसाची जुनी सायकल घ्या आणि एक लहान मुलाची. मोठीचा मागचा त्रिकोण चाक, फ्रीव्हील, कॅरिअरसकट ठेवायचा आणि पुढचा भाग कापायचा. लहान सायकलीतून हेडची नळी (हँडलचा दांडा जिच्यात फिरतो ती), चिमटा आणि १६ किंवा २० इंची चाक काढायचं. चाक लहान हवं, कारण त्याच्या मागच्या कडेला आणि थोडं वर पायडलं येणार आहेत. या दोन टोकांना जोडायला दीड-दोन मिलिमीटर जाडीची लांब नळी. पायडलचा आस ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो ते, मेकॅनिकच्या तोंडी ‘बीबी’, भंगारातल्या फ्रेममधून कापून त्या नळीवर चढवायचं. भंगारवाल्याकडे फ्रेम घेताना रंग आणि गंज पाहू नका. बीबीचे आटे आणि हेडच्या नळीची गोलाई पाहा. बाकीचं पोलाद कुठेही मिळतं, हे दोन तुकडे अचूक यंत्रावर झालेले असतात आणि गल्लीतल्या लेथवर पुन्हा तसे होत नाहीत.

फ्रेम लोखंडीच घ्या. लोहचुंबक चिकटतो का ते बघा. ॲल्युमिनियमच्या चांगल्या फ्रेमची ताकद कारखान्यात उष्णतेच्या प्रक्रियेनं आणलेली असते. वेल्डिंगच्या शेजारचा पट्टा ती ताकद गमावतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळीचा मोहही नको, तिचा धूर वेल्डिंग करणाऱ्याला आजारी पाडतो. वापरायचीच असेल तर जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढा. आणि वेल्डिंगवाल्याला सांगा की एक जोड पूर्ण करून दुसऱ्याकडे जाऊ नकोस. आधी सगळीकडे टाके मार, दोरी लावून मागचं चाक, नळी आणि हेड एका रेषेत आहेत का बघ, बीबी काटकोनात आहे का बघ, मगच भर. पोलाद तापून थंड होताना ओढलं जातं. बीबी दोन अंशांनी कललं तरी चेन आयुष्यभर कुरकुरत राहते.

इथवर कामाचा देखावा मोठा असतो, पण सायकल बिघडते ती याच्या पुढे, हेडच्या कोनात. हेडच्या नळीची रेघ मनातल्या मनात खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे टेकते, त्याच्या थोडं मागे चाक टेकलेलं असतं. या अंतराला ट्रेल म्हणतात. चाक आपणहून सरळ होत राहतं त्यात या अंतराचा मोठा हात आहे. एकटं तेच कारण नाही. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी ट्रेलशिवाय आणि चाकांच्या भोवरेपणाशिवायही आपोआप तोल सांभाळणारी सायकल करून दाखवली. पण आपण प्रयोगशाळेत नाही. आपल्याला ट्रेल लागतो.

समजा, रोडस्टरच्या हेडचा कोन ६८ अंश आहे, चाकाची त्रिज्या ३५.५ सेंटिमीटर आणि चिमट्याचा पुढचा बाक ७ सेंटिमीटर. ट्रेल निघतो सुमारे ६.८ सेंटिमीटर; ठणठणीत. आता पायांना जागा व्हावी म्हणून कुणी त्याच चिमट्यात २० इंची चाक घातलं. त्रिज्या २५ सेंटिमीटरवर आली, सायकलीचं नाक दहा सेंटिमीटर खाली गेलं. साध्या सायकलीच्या लांबीत त्यामुळे हेडचा कोन पाचेक अंशांनी उभा होतो, ७३. पुन्हा गणित करा: ट्रेल उरला तीन मिलिमीटर. सहा सेंटिमीटरहून अधिक गेला कुठे? थोडा चाकानं खाल्ला, थोडा कोनानं. अशी सायकल हँडलावरचा हात जरा सैल पडताच भरकटते, आणि मालकाला वाटतं की रिकंबंट चालवणंच अवघड असतं. म्हणून चाक आणि चिमटा एकाच लहान सायकलीचे घ्या, हेड थोडं जास्त कलतं ठेवा आणि जोडण्याआधी जमिनीवर खडूनं सगळी आकृती पूर्ण मापात काढा. पाच-सहा सेंटिमीटर ट्रेल उरायलाच हवा.

चेनीकडे लोक आधी घाबरून बघतात. खरं तर तिचं गणित सरळ आहे. दोन आसांमधल्या अंतराची दुप्पट, अधिक पुढच्या-मागच्या दात्यांच्या बेरजेच्या निम्म्याला १२.७ मिलिमीटरनी गुणलेलं. चेनीची एक कडी अर्धा इंच असते. पुढे ४४ दाते, मागे १८, अंतर १३० सेंटिमीटर धरलं तर लांबी तीन मीटर होते, म्हणजे २३६ कड्या. साध्या सायकलीच्या चेनीत ११०-११५ कड्या असतात, तेव्हा दोन चेनी आणि थोडी शेपटी. अडचण लांबीची नसून वाटेची आहे. एवढी लांब चेन सीटखालून किंवा एखाद्या नळीच्या पोटाखालून वाकवावी लागते आणि तिथे एक फिरती चकती, आयडलर, बसवावी लागते.

इथे खालची आणि वरची चेन यांत भेद करा. खालची चेन सैल परत येते. तिला प्लास्टिकच्या नळीतून सोडली तरी चालतं, शिवाय विजारीला वंगण लागत नाही. वरच्या चेनीवर मात्र तुमचा सगळा जोर असतो. पायडलवर ४० किलोंचा दाब आला तर क्रँक आणि चकतीच्या प्रमाणात चेनीत ७५ किलोंच्या आसपास ताण येतो. ती चेन आयडलरवर नुसती २० अंश वाकली तरी आयडलरच्या बोल्टवर २६ किलोंचा भार पडतो, दर पावलाला, हजारो वेळा. पातळ पत्र्याच्या पट्टीवर टांगलेली पडद्याच्या दोरीची कप्पी इथे आठवडाही टिकत नाही. स्केटच्या चाकात जे २२ मिलिमीटरचं बेअरिंग असतं ते दोन शेजारी शेजारी बसवा आणि बोल्ट दोन्ही बाजूंनी धरा. आणि सीटची उंची अशी निवडा की वरची चेन वाकावीच लागणार नाही. ते जमलं तर याहून उत्तम नाही.

ब्रेकचंही एक सांगायला हवं, कारण रोडस्टरवाले इथे अडकतात. त्या सायकलीचे ब्रेक लोखंडी सळ्यांचे; सळ्या नव्या आकाराला वाकत नाहीत. केबलचे ब्रेक लावावेत तर रोडस्टरच्या रिमला कडेची सपाट पट्टीच नसते, कारण तिचा ब्रेक रिमला बाजूनं पकडत नाही, आतल्या अंगाला वर ओढून घासतो. तेव्हा मागचं चाक नवीन रिमवर विणून घ्या किंवा ड्रम ब्रेकचा हब घ्या. लांब रिकंबंटमध्ये एक दिलासा आहे: पुढचा ब्रेक कितीही दाबला तरी हँडलवरून पुढे फेकलं जाण्याची भीती राहत नाही. पण पुढच्या चाकावर वजनही कमी असतं, त्यामुळे वाळू किंवा ओल्या पानांवर ते सरकू शकतं. भरवशाचा ब्रेक मागे हवा.

सीट मात्र आनंदाचा भाग आहे. बाहेरदेशी फायबरची कवचं मिळतात. आपल्याकडे खाटेची नवार आहे. पाऊण इंची नळीची चौकट कमरेच्या बाकाप्रमाणे वाकवून तिच्यावर नवार किंवा नायलॉनची पट्टी घट्ट विणली की पाठीला वारा लागतो, पावसात पाणी साठत नाही आणि सैल पडली की पुन्हा ताणता येते. बैठक आडवी नको. पुढची कड थोडी वर, नाही तर पायडल मारता मारता माणूस पुढे घसरतो. टेकण किती कलती? धावपट्टीवर विक्रम करणारे जवळजवळ झोपतात. रोजच्या वापराला टेकण उभीच्या बाजूला ठेवावी, म्हणजे खांद्यावरून मागे बघण्याचा थोडा तरी प्रयत्न करता येतो. संपूर्ण मान वळणार नाहीच. आरसा लावायलाच हवा, तोही दोन्ही बाजूंना.

इतकं करून मिळतं काय? वेग, असं उत्तर पटकन येतं आणि विक्रमांची यादी पुढे होते. १९८६ मध्ये गार्डनर मार्टिन यांच्या लांब रिकंबंटवर कवच चढवून फ्रेड मार्कम यांनी ताशी १०५ किलोमीटर गाठले. २०१६ मध्ये नेवाडातल्या बॅटल माउंटनच्या रस्त्यावर टॉड रायकर्ट अशाच जातीच्या, पूर्ण कवचाच्या यंत्रात ताशी १४४ वर गेले. सगळं खरं. पण ऑफिसला जाणाऱ्यानं हिशोब आपल्या वेगाचा करावा. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो, रस्ता सपाट, वारा पडलेला. ताठ बसलेल्याला हवा जेवढी अडवते त्याच्या निम्मीच रेललेल्याला अडवते असं उदार मनानं धरू. ताशी ३० किलोमीटरला ताठ माणसाला सुमारे २५० वॅट लागतील आणि रेललेल्याला १५०. हा फरक प्रचंड आहे. ताशी १५ किलोमीटरला? ४८ आणि ३५. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून तो वेगवानांना छळतो. शहरात सिग्नल ते सिग्नल जाणाऱ्याशी त्याची फारशी ओळख होत नाही. त्यातच रूपांतरित सायकल मूळ सायकलीपेक्षा चार-पाच किलो जड होते आणि उड्डाणपुलाच्या चढावर सीटवरून उठून अंगाचं वजन पायडलवर टाकण्याची सोय गेलेली असते.

तेव्हा रोजच्या प्रवाशानं वेगासाठी हा खटाटोप करू नये. करायचा तो मनगटं, मान आणि बुडाखालच्या त्या अरुंद सीटसाठी. साध्या सायकलीवर मनगटावर भार येतो, लांब पल्ल्यात बोटांना मुंग्या येतात, मान वर करून ठेवावी लागते. पुरुषांना सीटच्या नाकाचा जाच वेगळा. यांतलं काहीही रिकंबंटवर होत नाही. हातांना हँडल धरण्यापलीकडे काम नसतं. ज्याची सायकल डॉक्टरनं किंवा दुखण्यानं बंद केली आहे, रस्ता आठ-दहा किलोमीटरचा आणि बऱ्यापैकी मोकळा आहे, त्याच्यासाठी हे रूपांतर आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी रोज जायचं असेल तर जवळजवळ पावणेदोन मीटरचा चाकांमधला पल्ला घेऊन तिथे वळणार कसं, हे आधी ठरवा.

आपल्या रस्त्यांचा एक प्रश्न परदेशी आराखड्यांत नसतो. साधा सायकलवाला खड्डा किंवा गतिरोधक दिसला की नकळत सीटवरून चार बोटं उठतो. गुडघे स्प्रिंगचं काम करतात. रिकंबंटवर उठता येत नाही, दणका थेट कण्याला. नवारीची सीट थोडा शोषून घेते, बाकीचं काम टायरवर सोपवा: जितका रुंद बसेल तितका बसवा आणि हवा किंचित कमी ठेवा. मागच्या चाकाला स्प्रिंग लावण्याची हौस दुसऱ्या सायकलीसाठी राखून ठेवा. पावसाळ्यात चेहरा आकाशाकडे असतो, त्यामुळे टोपीला मोठी झडप हवी. पुढचं चाक पायांपाशीच फिरत असल्यानं त्याला पुरतं, खालपर्यंत उतरणारं मडगार्ड नसेल तर ऑफिसात पोहोचेपर्यंत अंगावर रस्त्याचा नकाशा उमटतो.

दिसण्याची भीती सगळ्यांनाच वाटते: आपण इतके खाली, ट्रकवाल्याला दिसणार कसे? लांब रिकंबंटवर डोळे साधारण मोटारीच्या ड्रायव्हरच्या पातळीवर असतात, म्हणजे मोटारवाल्यांशी नजरानजर होते. शर्यतीच्या फार बुटक्या सायकलींची गोष्ट वेगळी. तरी मागे उंच काठीला रंगीत झेंडा आणि दिवसाही लुकलुकणारा दिवा असावा. विचित्र दिसणं इथे उपयोगी पडतं. लोक बघतात, वेग कमी करतात, काही जण शेजारून येत विचारतातही की केवढ्याला पडली. उत्तर देताना तोल जातो, हे ध्यानात असू द्या.

कारण हळू जाताना ही सायकल साधीपेक्षा अवघडच. तळहातावर लांब काठी तोलणं सोपं आणि पेन्सिल तोलणं कठीण, त्याचंच हे रूप आहे; बुटकी वस्तू लवकर पडते, दुरुस्तीला वेळ कमी मिळतो. मोकळ्या मैदानावर, किंचित उतारावर, पाय पायडलवर न ठेवता आधी नुसतं घरंगळायला शिका. हँडल घट्ट धरू नका, पाठ टेकलेलीच ठेवा. पुढे उठून बसण्याची जुनी सवय पहिले काही दिवस त्रास देते. मग एक पाय वर, क्रँक डोक्याच्या बाजूला, आणि एकाच दमदार दाबात सायकल चालती करायची. पहिला दाब लुळा पडला तर दुसऱ्याला वेळ मिळत नाही.

आणि त्या पहिल्या दाबासाठी गिअर हलका हवा. रोडस्टरचा ४४ आणि १८चा एकच गिअर रिकंबंटला सुरुवातीला जड जातो, कारण अंगाचं वजन पायडलवर टाकता येत नाही. चकत्यांवर चेन उडवणारे गिअर लावले तर थांबण्याआधी, पायडल फिरत असतानाच, हलक्यावर यावं लागतं. सिग्नल अचानक लाल झाला की नेमकं तेच राहून जातं आणि मग हिरव्यावर मागचे हॉर्न वाजवत बसतात. हबच्या आत बसवलेला तीन गिअरचा जुना प्रकार इथे सोयीचा. त्याचा खालचा गिअर मधल्याच्या पाऊणपट असतो. मागची चकती थोड्या जास्त दात्यांची घेतली की चढालाही पुरतो. आणि तो सायकल उभी असताना बदलता येतो.